मार्टिन डी-४५ : फक्त ९१ बनलेल्या गिटारची किंमत कोटींत का? लाकडाच्या आतलं तंत्र समजून घ्या

एरवी आपण इथे फोन, ॲप आणि गॅजेट्सबद्दल बोलतो. आजचं 'गॅजेट' मात्र जरा वेगळं आहे. त्याला चार्जर लागत नाही, अपडेट येत नाही आणि ते जवळपास ९० वर्षांपूर्वी बनलंय. तरीही त्यातलं एखादं विक्रीला आलं तर किंमत काही लाख डॉलर, म्हणजे आपल्या भाषेत कोटींत जाते. मी बोलतोय मार्टिन कंपनीच्या डी-४५ या ॲकॉस्टिक गिटारबद्दल.

गिटार शिकणाऱ्या बऱ्याच जणांना हे नाव ऐकून माहीत असतं. 'लय भारी, लय महाग' यापलीकडे माहिती मात्र सहसा मिळत नाही. म्हणून या लेखात मी तीन गोष्टी उलगडून सांगणार आहे : ही गिटार आवाज कसा काढते, ती बनवताना नेमकी कारागिरी कुठे लागते आणि तिच्यासाठी वापरलेल्या लाकडावरून एवढा वाद का होतो. शेवटी तुमच्या स्वतःच्या गिटारसाठी उपयोगी पडेल असंही थोडं देतो.

थोडक्यात माहिती

- कंपनी : सी. एफ. मार्टिन अँड कंपनी, स्थापना १८३३
- ठिकाण : नॅझरेथ, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका
- पहिली डी-४५ : १९३३
- पहिला टप्पा : १९३३ ते १९४२, एकूण ९१ गिटार
- वरची फळी : ॲडिरॉन्डॅक स्प्रूस
- पाठ आणि कडा : ब्राझिलियन रोझवूड
- सजावट : अबॅलोनी शिंपल्याचं जडावकाम
- उत्पादन पुन्हा सुरू : १९६८

डी-४५ चा जन्म कसा झाला?

कंपनीचे संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे मूळचे जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन या गावचे. हे गाव वाद्यं बनवणाऱ्यांचं. पुढे व्हिएन्नातल्या योहान स्टाउफर या नावाजलेल्या गिटारकारागिराकडे त्यांनी काम केलं, १८३३ मध्ये अमेरिकेला आले आणि न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. काही वर्षांतच बस्तान नॅझरेथला हलवलं. कंपनी आजही तिथेच आहे.

आता 'डी-४५' या नावाची फोड करू. 'डी' म्हणजे ड्रेडनॉट. १९०६ मध्ये ब्रिटिश नौदलात याच नावाची एक प्रचंड युद्धनौका दाखल झाली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१६ मध्ये, मार्टिनने बॉस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन कंपनीसाठी नेहमीपेक्षा बरीच मोठी आणि रुंद कमरेची गिटार बनवली आणि तिला या जहाजाचं नाव दिलं. १९३१ पासून मार्टिन हा आकार स्वतःच्या नावाने विकायला लागली. तुमच्याकडे किंवा मित्राकडे स्टीलच्या तारांची साधी गिटार असेल तर तिचा आकार बहुतेक याच ड्रेडनॉटवरून आलेला असेल. '४५' हा सजावटीचा क्रमांक आहे. मार्टिनकडे आकडा जितका मोठा तितकी सजावट जास्त आणि त्या काळी ४५ ही सगळ्यात वरची पायरी होती.

हे दोन्ही एकत्र आणले जीन ऑट्री या गायकाने. रेडिओवर आणि पुढे सिनेमात 'गाणारा काउबॉय' म्हणून तो अमेरिकेत घराघरात पोचला. त्याला मोठ्या आवाजाची ड्रेडनॉट हवी होती, पण सजावट सर्वात भारी हवी होती आणि फ्रेटबोर्डवर स्वतःचं नावही शिंपल्यात जडवलेलं हवं होतं. मार्टिनने १९३३ मध्ये ती ऑर्डर पूर्ण केली. अमेरिका तेव्हा महामंदीत बुडालेली होती, कंपनीला १०० वर्षं होत होती आणि अशा वेळी तिने आपली सर्वात महागडी गिटार बनवली. ऑट्रीची ती गिटार आज लॉस एंजेलिसमधल्या ऑट्री म्युझियममध्ये आहे.

पुढची नऊ वर्षं डी-४५ थोड्या थोड्या बनत राहिल्या. १९४२ मध्ये महायुद्धाच्या टंचाईत उत्पादन थांबलं तेव्हा आकडा ९१ वर होता. तुलनेसाठी सांगतो : याच कंपनीने २००४ मध्ये आपली १० लाखावी गिटार बनवली.

गिटार आवाज मोठा कसा करते?

कारागिरी कुठे लागते हे कळण्यासाठी आधी हे समजायला हवं. नुसती ताणलेली तार छेडली तर जेमतेम ऐकू येते, कारण बारीक तार फारशी हवा ढकलू शकत नाही. गिटारमध्ये ही थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीतून, वरच्या फळीत जाते. ही फळी रुंद असते, त्यामुळे ती बरीच हवा हलवते आणि आवाज खोलीभर पोचतो. आपल्या मिरजेच्या सतारीत 'तबली' जे काम करते तेच काम इथे वरची फळी करते. ब्लूटूथ स्पीकरमधला हलणारा पडदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लगेच कळेल.

दुसरं काम पोटातल्या हवेचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमारा येतो ना, तसंच गिटारच्या पोटातली हवा गोल भोकातून आत-बाहेर होते. ड्रेडनॉटमध्ये हा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे खालच्या सुरांना बरोबर जिथे मदत हवी तिथेच ही पेटी जोर लावते. ड्रेडनॉटचा तो भरदार, छातीत जाणवणारा आवाज यातूनच येतो.

एक छोटी टीप : जुन्या मार्टिनचे व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. फोनचा चिमुकला स्पीकर ८२ हर्ट्झचा मूळ सूर जवळजवळ काढतच नाही. वरच्या उपसुरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. चांगले इअरफोन लावा आणि मग ऐका.

तुटण्याच्या काठावर बसवलेली रचना

मला या गिटारमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती इथे आहे आणि ती बाहेरून दिसतच नाही.

स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० ते ८५ किलोचा ताण देतात. म्हणजे एक धडधाकट माणूस या पेटीला चोवीस तास लटकून आहे असं समजा. हा ताण जिच्यावर पडतो ती वरची फळी फक्त ३ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. फळी जाड ठेवली तर गिटार वर्षानुवर्षं टिकेल, पण तिची थरथर दबेल आणि आवाज बसका येईल. पातळ केली तर आवाज उघडा आणि मोठा येईल, पण काही वर्षांत फळी फुगेल, ब्रिजपाशी उचलली जाईल, भोकापाशी खचेल. चांगली गिटार बनवणं म्हणजे या दोन टोकांमधली जागा शोधणं.

यासाठी फळीच्या आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या चिकटवतात. त्यांना ब्रेसिंग म्हणतात. मार्टिनने १८४० च्या दशकात दोन मुख्य पट्ट्या इंग्रजी 'एक्स' अक्षरासारख्या एकमेकींवर टाकण्याची पद्धत वापरायला सुरुवात केली. तेव्हा गिटारवर आतड्याच्या तारा असत. त्यांचा ताण कमी, त्यामुळे एवढ्या ताकदीची तशी गरजही नव्हती. पण पुढे स्टीलच्या तारा आल्या आणि हीच रचना जगभरच्या स्टील-तारी गिटारचा कणा बनली.

डी-४५ च्या पहिल्या टप्प्यात या पट्ट्या आणखी एका पद्धतीने घडवल्या जात. कारागीर पटाशीने पट्टीचा मधला भाग दरीसारखा खोल कोरून काढायचा आणि टोकाकडे छोटा उंचवटा ठेवायचा. याला 'स्कॅलप्ड' ब्रेसिंग म्हणतात. वजन घटतं, फळी मोकळी होते आणि खालचे सूर फुलून येतात. शिवाय सुरुवातीच्या ड्रेडनॉटमध्ये एक्सचा छेद गोल भोकापासून साधारण एका इंचावर असायचा, त्यामुळे ब्रिजच्या आसपासची फळी आणखी मोकळी राहायची. १९३८-३९ च्या सुमारास तो छेद ब्रिजच्या बाजूला सरकवला गेला, म्हणजे रचना थोडी भक्कम झाली.

लोक जास्त जाड तारा लावायला लागले, फळ्या फुगायला लागल्या. शेवटी १९४४ च्या अखेरीस मार्टिनने पट्ट्या कोरणंच थांबवलं. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, कारण दुरुस्त्या कमी झाल्या. पण वाजवणाऱ्यांना फरक जाणवला आणि १९४४ च्या आधीच्या गिटार लोक शोधून शोधून घ्यायला लागले. पहिल्या ९१ डी-४५ सगळ्या या काळातल्या आहेत.

लाकूड : वरची फळी

वरच्या फळीसाठी लागतं हलकं पण ताठ लाकूड. ॲडिरॉन्डॅक स्प्रूस, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातला लाल स्प्रूस, यात फार पुढे आहे. वजनाच्या मानाने तो इतका ताठ असतो की फळी पातळ केली तरी ताण सोसते. ओंडका असा चिरतात की वाढीच्या रेषा फळीत उभ्या आणि सरळ येतील. मग एकच तुकडा पुस्तकासारखा मधून उघडून दोन भाग शेजारी जोडतात. म्हणून चांगल्या गिटारच्या डाव्या-उजव्या बाजू आरशातल्यासारख्या दिसतात.

या झाडांची बेसुमार तोड झाली आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिटारला पुरतील एवढ्या रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या. मार्टिन मग सिटका स्प्रूसकडे वळली. हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा.

जोडकाम : सरस आणि वाफ

नेक, म्हणजे गिटारची लांब मान, महॉगनीची असते आणि तिच्यावर एबनीची पट्टी बसवलेली असते. ही मान पेटीला जोडायला खिळा किंवा स्क्रू वापरलेला नाही. डव्हटेल जोड असतो : एका भागाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा आकार, दुसऱ्या भागात तसाच खाचा. दोन्ही इतके नेमके घासून बसवतात की कोरडे असतानाही मान सरकवून बसवावी लागते. मग त्यात गरम सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला डिंक.

'आता एवढे भारी डिंक मिळतात, मग सरस कशाला?' असं कुणीही विचारेल. कारण सरस उलटा फिरवता येतो. तारांच्या ताणाने काही दशकांत मान किंचित पुढे झुकते, तारा फ्रेटपासून उंच जातात आणि वाजवणं अवघड होतं. अशा वेळी कारागीर १५ वा फ्रेट काढतो, त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडतो आणि आत वाफ सोडतो. सरस मऊ होतो, मान अख्खी बाहेर येते. मग कोन दुरुस्त करून पुन्हा बसवतात. मी हे काम एकदा जवळून पाहिलंय. सगळं शांतपणे चालतं. मान सुटते त्या क्षणी 'टक्' असा हलका आवाज येतो आणि ओल्या सरसाचा तो विशिष्ट वास सुटतो.

म्हणजे १९३० च्या दशकातल्या कारागिरांनी गिटार पुन्हा उघडता येईल अशी जोडली होती. पक्की चिकटवलेली बॅटरी असलेला फोन हातात घेऊन हे वाचताना जरा वेगळंच वाटतं, नाही का?

त्या काळच्या मार्टिनच्या मानेत पान्याने फिरवता येणारा ट्रस रॉड नव्हता. १९३४ च्या सुमारापासून आत पोलादाची 'टी' आकाराची पट्टी असायची. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा तिच्याजागी एबनीचा दांडा आला. फिरवता येणारा रॉड मार्टिनने १९८५ मध्ये आणला. त्यामुळे जुन्या गिटारची मान सरळ राहिली आहे की नाही हे सर्वस्वी मूळ लाकडावर आणि बनवणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

शिंपल्याचं जडावकाम

डी-४५ लांबून ओळखू येते ती तिच्या किनारीमुळे. वरच्या फळीभोवती, गोल भोकाभोवती, पाठीवर, कडांवर, अगदी मान पेटीला मिळते तिथेही अबॅलोनी शिंपल्याची झळाळती रेघ फिरते. हिरवा, निळा, गुलाबी असे रंग कोनानुसार बदलतात.

दिसायला सुंदर, करायला डोकेदुखी. शिंपला काचेसारखा ठिसूळ असतो, तो वाकत नाही. म्हणून आधी लाकडात दीडएक मिलिमीटर रुंदीची खाच काढायची, मग त्यात शिंपल्याचे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक बसवायचे. वळणावर तुकडे आणखी बारीक करायचे आणि सांधे दिसणार नाहीत असे लावायचे. मग घासून सगळं लाकडाच्या पातळीत आणायचं. इथे हात जरा जास्त चालला तर खालची ३ मिलिमीटरची फळी आणखी पातळ होणार! बाहेरच्या कडेला हस्तिदंतासारखी दिसणारी सेल्युलॉइडची पट्टी. फ्रेटबोर्डवर आधी हिमकणाच्या आकाराचे शिंपले असत, १९३८-३९ पासून षटकोनी आले.

हे कौशल्य किती दुर्मिळ होतं ते पुढच्या गोष्टीवरून कळेल. १९४२ नंतर नवी डी-४५ मिळत नव्हती, म्हणून लोक साध्या डी-२८ वर शिंपल्याचं काम करून घ्यायला लागले. माइक लाँगवर्थ हा कारागीर अशा कामासाठी ओळखला जायचा. १९६८ मध्ये मार्टिनने डी-४५ पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा कंपनीने त्यालाच बोलावून घेतलं. पुढे तो कंपनीचा इतिहासकारही झाला.

असली कशी ओळखायची?

कोटींचा व्यवहार म्हटल्यावर नकली आणि 'वाढवलेली' गिटार येणारच. जाणकार साधारण हे तपासतात :

१. आतला शिक्का. गोल भोकातून मानेच्या दिशेला आत बघितलं की लाकडाच्या ठोकळ्यावर सीरियल नंबर दिसतो. मार्टिनने हे क्रमांक १८९८ मध्ये ८००० पासून सुरू केले आणि ते वाढत गेले, त्यामुळे नंबरवरून वर्ष कळतं. १९३० च्या दशकात मॉडेलचं नावही तिथेच ठोकलेलं असतं. बाहेर कितीही शिंपले लावा, आत 'डी-२८' असेल तर ती डी-२८ च.

२. यूव्ही दिवा. त्या काळचं लॅकर यूव्ही प्रकाशात हिरवट-पिवळसर चमकतं. नंतर कुठे रंग मारला असेल, तडा लपवला असेल तर तेवढा भाग वेगळा दिसतो. फोनची टॉर्च यासाठी चालत नाही, वेगळा यूव्ही दिवाच लागतो.

३. आतल्या पट्ट्या. आरसा किंवा फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घालून पटाशीच्या खुणा, कोरीव उंचवटे, ब्रिजखालची पट्टी मूळची आहे का हे बघतात.

४. लॅकर मूळचं की नवं. अनेकांना वाटतं जुनी गिटार पॉलिश करून चकाचक केली तर भाव वाढेल. उलट होतं. पूर्ण नवं लॅकर मारलेल्या गिटारची किंमत निम्म्यावर येऊ शकते. ओरखडे चालतात, खोटी चकाकी नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. काही गिटार मालकामुळे महाग होतात. कर्ट कोबेनने १९९३ च्या एमटीव्ही कार्यक्रमात वाजवलेली १९५९ ची मार्टिन डी-१८ई जून २०२० मध्ये ६० लाख डॉलरला लिलावात गेली. ती किंमत कोबेनची होती. डी-४५ च्या बाबतीत मात्र कुणी वाजवली हे माहीत नसलं तरी भाव कोटींतच राहतो.

खरा वाद : ब्राझिलियन रोझवूड

आता येऊ पाठीच्या आणि कडांच्या लाकडाकडे. पहिल्या ९१ आणि १९६८-६९ मधल्या २२९ डी-४५ ब्राझिलियन रोझवूडच्या आहेत. गडद तपकिरी, त्यात काळ्या रेषांची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. हे झाड ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातलं. फर्निचर, पियानो, गिटार सगळ्यांसाठी ते इतकं तोडलं गेलं की १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. १९९२ मध्ये साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे तिच्यात, या झाडाचा समावेश झाला. आज अशी जुनी गिटार घेऊन देशाची सीमा ओलांडायची तर परवाने लागतात.

मग मार्टिनने काय केलं? १९६९ च्या अखेरीस ती भारतीय रोझवूडकडे वळली. ते कुठलं लाकूड? आपली शिसव! आजोळच्या घरात जड, काळसर शिसवी पलंग किंवा कपाट पाहिलं असेल तर त्याच झाडाची भावंडं जगभरच्या गिटारच्या पाठीला लागली आहेत. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात हे झाड वाढतं. २०१७ मध्ये साइटीसने शिसवीसकट रोझवूडच्या सगळ्या जातींवर नियंत्रण आणलं, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही.

प्रश्न असा की त्या लाकडामुळे आवाजात खरंच एवढा फरक पडतो का? ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. एकाच कारागिराकडून एकाच मापाच्या सहा गिटार बनवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडात : एक ब्राझिलियन रोझवूडची, एक शिसवीची, बाकीच्या मॅपल, महॉगनी वगैरे साध्या लाकडांच्या. ५२ गिटारवादकांना गडद गॉगल लावून त्या वाजवायला दिल्या. निकाल? सगळ्या गिटारना जवळपास सारखेच गुण मिळाले. वाजवणाऱ्यांना त्या नीट वेगळ्या ओळखताही आल्या नाहीत.

अर्थात ही चाचणी नव्या गिटारवर होती. त्यामुळे '९० वर्षं जुनी डी-४५ साधीच आहे' असा अर्थ कुणी काढू नये. पण मला यातून एक गोष्ट पक्की पटते. या गिटारचा आवाज प्रामुख्याने वरची हलकी फळी, कोरलेल्या पट्ट्या आणि नेमकं जोडकाम यांतून येतो. लोकांनी मात्र किंमत आणि कौतुक सगळ्यात जास्त दिलं ते पाठीच्या देखण्या, गडद लाकडाला आणि त्याची किंमत जंगलाने मोजली. कारागिरी पुन्हा शिकता येते, आज अनेक जण तशा पट्ट्या कोरतात. दोन-तीनशे वर्षांचं झाड तसं परत आणता येत नाही.

म्हणूनच जुन्या गिटार जपणंही महत्त्वाचं आहे. 'द हेटफुल एट' या सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी मार्टिनच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातली एक गिटार उसनी दिली होती. प्रसंगात गिटार फोडायची होती, त्याआधी नकली गिटार बदलून द्यायचं ठरलेलं. निरोप नटापर्यंत पोचलाच नाही आणि त्याने खरी गिटार खांबावर आपटली. त्यानंतर संग्रहालयाने सिनेमांना गिटार देणं बंद केलं. विम्याचे पैसे मिळाले असतील, पण त्याने गिटार काही परत येत नाही.

तुमच्या गिटारसाठी यातून काय घ्यायचं?

- वरची फळी भरीव लाकडाची आहे का बघा. फोनची टॉर्च लावून गोल भोकाची कड निरखा. वरच्या रेषा कडेतून सरळ आत जात असतील तर भरीव. सँडविचसारखे थर दिसले तर प्लायवूड. शिकायला प्लायवूडची गिटार काही वाईट नाही, पण भरीव सांगून प्लाय विकणाऱ्यांपासून सावध राहा.
- बजेट मर्यादित असेल तर पैसे आधी भरीव वरच्या फळीवर खर्च करा. पाठीचं लाकूड नंतर.
- भरीव लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एक साधं डिजिटल मीटर केसमध्ये ठेवा. कोकणात पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ओलाव्याची सोय.
- उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीच ठेवू नका. डिंक मऊ पडतो आणि ७०-८० किलोचा ताण आपलं काम करतो.
- जुन्या, हलक्या बांधणीच्या गिटारवर जाड तारा लावू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डी-४५ आज नवीन मिळते का?*
हो. सध्याची डी-४५ सिटका स्प्रूस आणि भारतीय रोझवूडची असते. किंमत १० हजार डॉलरच्या वर. ९१ पैकी एखादी हवी असेल तर मात्र जुन्या वाद्यांचे मोठे व्यापारी किंवा लिलाव हाच मार्ग.

*जुनं लाकूड खरंच चांगलं वाजतं का?*
काळाबरोबर लाकूड सुकतं, त्यातले काही घटक बदलतात आणि ते हलकं होतं. हाच परिणाम लवकर मिळावा म्हणून मार्टिनसह अनेक कंपन्या आता नवीन फळ्या कमी ऑक्सिजनमध्ये भाजून वापरतात. पण नुसतं जुनं असणं पुरेसं नाही. वाईट बनवलेली गिटार जुनी झाली की जुनी वाईट गिटार होते.

*घरात आजोबांची जुनी गिटार सापडली, आधी काय करू?*
पुसू नका, पॉलिश करू नका. तारा थोड्या सैल करा, आतल्या शिक्क्याचे आणि लेबलचे स्पष्ट फोटो काढा आणि मगच जाणकार कारागिराला दाखवा.

तुमच्या गिटारच्या गोल भोकाच्या कडेला टॉर्च लावून बघितली का? भरीव निघाली की प्लाय, ते कमेंटमध्ये सांगा. गिटार शिकणारा एखादा मित्र असेल तर लेख त्यालाही पाठवा.